गुळवेल आणि नवी गोळी

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीतला एक सहकारी घरी आला होता. तोही आता युगांडाला निघालाय, मी होते त्याच फार्मवर. चहा घेता घेता त्यानं विचारलं की मॅडम, नेमकं काय झालं होतं, ऑफिसात प्रत्येकजण वेगळं सांगतो. मी त्याला तासभर सगळं सांगितलं. तो गेल्यावर कपबशा उचलताना लक्षात आलं की एक गोष्ट मी त्यालाही गाळूनच सांगितली. म्हणून हे लिहायला बसले. यात ती गोष्टही आहे.

माझं नाव प्रज्ञा, वय अडतीस. बियाण्यांच्या कंपनीत आहे. नवे वाण शेतात लावून बघायचे, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, हे माझं काम. माहेर करमाडचं, राहायला चिकलठाण्यात. नवरा सुनील तिथंच एका कारखान्यात मशिनींच्या दुरुस्तीवर आहे. मुलगी आर्या चौथीत. वडील मी कॉलेजात असताना गेले. मायनं लोकांच्या रानात खुरपून मला कृषी पदवीधर केलं. कंपनीनं मक्याच्या बीजोत्पादनासाठी आठ महिने युगांडाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या विभागातून तिकडं जाणारी मी पहिली बाई होते. सुनीलला ते रुचलं नव्हतं. तिकडं आजारी पडशील, एवढं एकदा म्हणाला. नको म्हणाला नाही, पण मी बॅग भरत होते तेव्हा खोलीतही आला नाही.

पालकसभा

तिकडं असताना मला एकदा मलेरिया झाला होता. तिथं लोक तो सर्दी-पडशासारखा धरतात. तीन दिवस गोळ्या घ्यायच्या, चौथ्या दिवशी कामावर. मीही तेच केलं. आमच्या फार्मवर परागीकरण करणाऱ्या बायकांची मुकादम होती ग्रेस, माझ्याच वयाची. तिनं दोन महिन्यांत त्याच गोळ्यांचे तीन कोर्स घेतले. ताप जायचा आणि पंधरा-वीस दिवसांनी परत यायचा. एकदा मी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथली नर्स म्हणाली की काहीजणांच्या अंगातले जंतू आता या गोळ्यांना लवकर दाद देत नाहीत. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

परत येऊन तीनेक आठवडे झाले असतील. आर्याच्या शाळेत पालकसभा होती. ऑक्टोबरची दुपार, पंख्याखालीही घाम येत होता. मी मुलांच्या छोट्या बाकावर बसले होते आणि मला थंडी वाजायला लागली. आधी दात, मग गुडघे. मग तो बाकच खडखडायला लागला. पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं. वर्गाच्या बाई पाढ्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या, त्या थांबल्या. आर्यानं माझा हात धरला आणि लगेच सोडला. हात भाजत होता म्हणे. ती अजून सांगते.

सुनील कामावरून आला आणि मला जवळच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. शहरात डेंग्यू चालू होता, त्यामुळं त्यांनी त्याचीच तपासणी लिहिली. मी म्हटलं, मलेरियाचीही लिहा, मी आफ्रिकेतून आलेय. हे सांगितलं नसतं तर दोन-तीन दिवस गेले असते. हे वाचणाऱ्यांना माझी पहिली विनंती हीच: कुठून आलात ते सांगा, कोणी विचारलं नाही तरी सांगा.

लॅबमधल्या मुलीनं रिपोर्ट माझ्या हातात दिला नाही. ती काउंटरच्या मागून बाहेर आली, मला खुर्चीत बसवलं आणि सुनीलला म्हणाली की लगेच ॲडमिट करा. मलेरियाचे प्रकार असतात. मला होता तो डोक्यात चढून माणूस नेणारा. सुनीलनं रिपोर्ट दोनदा वाचला. रिक्षात तो एवढंच म्हणाला, "मी म्हणलो होतो तुला."

प्लसच्या खुणा

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. सकाळी सहाला झाडू, मग तापमान, मग रक्त, मग उपमा, मग राउंड. थंडी वाजून ताप चढायचा, आणि उतरताना चादर पिळून काढावी इतका घाम यायचा. त्या मधल्या तासांत डोकं इतकं दुखायचं की आर्याचं नाव आठवायलाही वेळ लागायचा. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मरणाची भीती नंतर वाटली.

रक्ताच्या काचा तपासायला सलीमभाई होते. पन्नाशी उलटलेले, पांढरी दाढी, खिशात दोन चष्मे. रोज येऊन विचारायचे, "आज कौनसी उंगली, बाई?" काचेवर जंतू किती दिसतात त्यावरून कागदावर अधिकच्या खुणा करतात. माझ्या पहिल्या कागदावर चार खुणा होत्या. नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी काच कोरी यायला हवी होती. माझ्या कागदावर अजून दोन खुणा होत्या.

त्या दुपारी डॉक्टर जाधव मॅडम स्टूल ओढून बसल्या. एरवी त्या उभ्यानंच बोलायच्या. त्यांनी सरळ सांगितलं. गोळ्या काम करताहेत, पण फार सावकाश. तिकडं असताना घेतलेल्या कोर्सनंतर थोडे जंतू उरले असणार आणि तेच परत वाढले. आता दोन वाटा आहेत. एक क्विनीन, जुनं औषध, सात दिवसांचं, सोसायला अवघड पण ओळखीचं. दुसरी वाट म्हणजे एक अभ्यास, जो देशातल्या काही रुग्णालयांत चालू आहे. ज्यांच्यातले जंतू या गोळ्यांना दाद देत नाहीत त्यांच्यावर एक नवी गोळी तपासून बघताहेत. पाच दिवसांची. बाहेरच्या देशांत काही रुग्णांना दिलेली आहे. अभ्यासात आलं तरी नवी गोळी मिळेलच असं नाही. कोणाला नवी आणि कोणाला क्विनीन, ते संगणक ठरवतो.

मला हे नवीन नव्हतं. आम्हीही शेतात कोणत्या तुकड्यात कोणता वाण लावायचा हे चिठ्ठीवर ठरवतो. नाहीतर माणूस नकळत आवडत्या वाणाला चांगली जमीन देतो. पण आता तुकडा मी होते.

सही

माहितीपत्रक मराठीत होतं, खूप पानांचं, आणि कोणी बोलत नाही अशा मराठीत. वाचता वाचता ताप चढला म्हणून उरलेलं नर्सनं वाचून दाखवलं. सुनील आणि माय दोघंही तिथं होते.

मायनं सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना विचारलं, "गरिबाच्या लेकीवरच कामून परयोग? मोठ्यांच्या पोरी आजारी पडत नाय का?"

मी ओशाळले. मॅडम मात्र तिच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, आई, तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे, असं होत आलेलं आहे, म्हणूनच आता सहीच्या वेळी कॅमेरा लावावा लागतो आणि हिला कुठल्याही दिवशी नको म्हणता येतं. मायनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. तिच्या आयुष्यात कागदावर अंगठा किंवा सही केल्यावर काही चांगलं झालेलं नाही.

बायकांना गर्भाची तपासणी सक्तीची होती. गर्भ नाही असं आलं. पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, अशीही अट होती. मॅडम हे बोलत असताना सुनील फरशीकडं बघत होता. त्या गेल्यावर तो म्हणाला, "तू आल्यावर विचारणार होतो, दुसऱ्याचं." आठ महिने फोनवर तो हे बोलला नव्हता. मी विचारलं, मग सही करू का नको? तो म्हणाला, "तुला जे करायचं ते तू करतीसच."

मी सही केली. लोक विचारतात, का केली. एक कारण म्हणजे ग्रेस. निघायच्या आठवड्यात तिला चौथ्यांदा ताप आला होता आणि मी तिला त्याच गोळ्यांची पाकिटं देऊन विमानात बसले होते. दुसरं कारण इतकं चांगलं नाही. मला क्विनीनची भीती वाटत होती, आणि नवीन ते चांगलं असं मला वाटतं. त्याच विश्वासावर मी नोकरी करते.

कॅमेऱ्यासमोर नर्सनं प्रश्न वाचले. शेवटून दुसरा होता की अभ्यासाच्या काळात आपण कोणतेही वनौषधिजन्य पदार्थ सेवन करणार नाही, हे मान्य आहे का. मी म्हणाले, मान्य आहे.

मायला तो शब्द कळला नाही. मला कळला.

थर्मास

माय रोज सकाळच्या गाडीनं करमाडहून यायची. डब्यात मऊ भात, कधी मुगाचं वरण. आणि स्टीलच्या थर्मासमध्ये गुळवेलीचा काढा. आमच्या घरामागच्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे. करोनात मायनं तो काढा निम्म्या गल्लीला पाजला होता. त्या वेळी आमच्या गल्लीत कोणी दगावलं नाही, आणि मायच्या मते त्याचं कारण तेवढं एकच.

मी भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती मला सकाळ-संध्याकाळ कपभर द्यायची. कडू जहर. सही केली त्या संध्याकाळीही तिनं कप पुढं केला. मी तिला सांगू शकत होते की माय, आता हे बंद. पण त्या दिवशी तिचं कोणी काहीच ऐकलं नव्हतं. माझ्या सहीत तिला विचारलंही नव्हतं. हा एक कप तरी तिच्या हातात राहू दे, असं वाटलं. आणि झाडपाल्यानं काय होतंय, असंही वाटलं. मी कृषी शिकलेली बाई आहे. पानामुळात औषध असतं तर तिथंच विषही असू शकतं हे मला शिकवलेलं आहे. तरी मी प्यायले.

संगणकानं मला नवी गोळी दिली. सकाळी जेवणानंतर, नर्ससमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. दर सहा तासांनी बोटाला सुई. पहिल्या दिवशी मळमळ झाली. दुसऱ्या दिवशी थंडी वाजायची वेळ आली आणि वाजली नाही. मी घड्याळाकडं बघत पडून राहिले. चार वाजले, पाच वाजले. माय म्हणाली, "काढा लागू पडला."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चालत सलीमभाईंच्या खोलीत गेले. आकडा ते कधी सांगायचे नाहीत. मॅडम सांगतील, म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. लालसर गोल पेशी, आणि त्यातल्या एकीत बारीक जांभळी अंगठी. अंगठीला खड्यासारखा ठिपका. इतकी नाजूक वस्तू. मी खूप वेळ बघत राहिले. ते म्हणाले, पहिल्या काचेत अशा मोजता येत नव्हत्या. आज ही एक सापडायलाच त्यांना निम्मी काच बघावी लागली होती.

चौथ्या दिवशी काच कोरी आली. सुनीलनं वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि आर्याला फोन लावून दिला. त्या एका दुपारी आम्ही तिघंही हसत होतो. गोळीचा एकच दिवस उरला होता.

खिडकीकडं बघा

पाचव्या दिवशी सकाळी, गोळीच्या आधी, सलीमभाई बोट धरता धरता थांबले. म्हणाले, "बाई, जरा खिडकी की तरफ देखो." मी बघितलं. त्यांनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि बाहेर गेले. आले ते मॅडमना घेऊनच.

माझे डोळे पिवळे झाले होते. रक्त गेलं, दोन तासांत लिव्हरच्या तपासण्या आल्या, आणि शेवटची गोळी थांबवली गेली. मॅडमनी विचारलं, "गोळीशिवाय दुसरं काही घेतलंत का? आठवून सांगा. काहीही."

माय पायाशी उभी होती. पिशवी तिच्या हातात होती आणि पिशवीत थर्मास. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिला काही माहीत नव्हतं आणि तरी सगळं कळलं होतं.

मी म्हणाले, "नाही."

मॅडम गेल्यावर माय मोरीकडं गेली. पाणी सोडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा थर्मास उलटा धरून झटकत होती.

नंतरचे दोन दिवस मला सलग आठवत नाहीत. अंगाला खाज, तोंडात कडवटपणा, पाणी प्यायलं तरी उलटी. लिव्हरचे आकडे रोज वाढत होते. मलेरियाचं कुठलंच औषध चालू नव्हतं. अर्धवट सुटलेला आजार आणि न पेलवलेलं औषध, दोन्ही एकाच अंगात. मी मॅडमना विचारलं की मी वाचणार का. त्या म्हणाल्या की बहुतेक वाचाल, पण आकडे कुठं थांबतील ते त्यांना माहीत नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही याचं मला त्या वेळी वाईट वाटलं. आज वाटत नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम सुनीलशी बोलत होत्या. मला गाढ झोप लागलीय असं त्यांना वाटलं असावं. वरच्या समितीला कळवलंय, असं त्या सांगत होत्या. हे कशामुळं झालं ते कळेपर्यंत सगळ्याच रुग्णालयांत नवीन रुग्ण घेणं थांबवलंय. आमच्याच रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात एक माणूस होता, माझ्यासारखाच बाहेरून आलेला. त्याला क्विनीन मागं एकदा बाधलेलं होतं. त्याला नवी गोळी देता येत नव्हती.

सांगणं

काही वर्षांपूर्वी फुलंब्रीजवळ आमच्या मक्याच्या नव्या वाणाची चाचणी होती. एक तुकडा इतका जोमदार आला की बघायला कंपनीतून साहेब आले. काढणीच्या वेळी शेतकऱ्यानं हळूच सांगितलं की त्याला ते पीक फार आवडलं होतं, म्हणून त्यानं आपल्याकडचा युरिया दोनदा टाकला होता. मी त्याच्यावर इतकी चिडले की आवाज चढला. त्या तुकड्यावरून काहीच सांगता येणार नव्हतं. वाण चांगला का खत चांगलं? दोन हंगामांचं काम मी लाल रेघ मारून बाद केलं. तो माणूस हात जोडून उभा होता. म्हणत होता, मॅडम, मी वाईटासाठी नाही टाकलं.

डोळे मिटून पडलेली असताना मला तो माणूस दिसत होता.

मी डोळे उघडले आणि मॅडमना हाक मारली. सुनील तिथंच होता. मी म्हटलं, "मायनं मला गुळवेलीचा काढा दिलाय. भरती झाल्यापासून, रोज दोन कप. सहीनंतरही मी तो घेतला. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

मॅडमनी कागद काढला. किती, केव्हा, कशात उकळलेला, वेल ताजी का वाळलेली, असं एकेक विचारून लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "परवा सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आज सांगितलंत, तेही बरं झालं."

सुनील बोलला तो त्या गेल्यावर. "तुझ्या मायला सांग, उद्यापासून यायचं नाही." आणि तो बाहेर निघून गेला. तो माझ्यावरही तितकाच चिडला होता, पण मी आजारी होते, माझ्यावर चिडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माय आली तेव्हा मीच तिला सांगितलं. काय काय झालं असू शकतं, काय काय झालं नसू शकतं, सगळं. ती खाटेच्या कडेला बसली होती. तिनं विचारलं, "म्या इख पाजलं का तुला?"

मी म्हटलं, माय, माहीत नाही. कदाचित गोळीनं झालं असेल, कदाचित दोन्हीनं मिळून. तिनं डबा टेबलावर ठेवला, पदर सावरला आणि ती गेली. मग ती रुग्णालयात आली नाही.

क्विनीन

लिव्हरचे आकडे थांबले आणि हळूहळू उतरायला लागले, तोच एका सकाळी काचेत पुन्हा एक खूण आली. थोडेच जंतू होते, पण होते. अपुऱ्या राहिलेल्या कोर्समधून निसटलेले. आता क्विनीनला पर्याय नव्हता.

सात दिवस कानात एकसारखी शिट्टी वाजत होती. माणसं बोलायची ती विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू यायची. सुनीलनं आर्याला शेजारच्या ताईंकडं ठेवलं होतं. तो कामावरून थेट यायचा, माझे पाय दाबायचा. एका दुपारी मी त्याला सांगून ठेवलं की आर्याला चष्म्याच्या डॉक्टरकडं न्यायचं राहिलंय, आणि माझं काही झालं तर मायला एकटं टाकू नको. तो म्हणाला, "गप पड." पण पाय दाबायचा थांबला, आणि बराच वेळ पाय तसेच धरून बसला.

त्या दिवसांत ज्या गोष्टींनी तगवलं त्या फार छोट्या होत्या. वॉर्डातल्या आयाबाईनं एकदा न सांगता केसांना तेल लावून वेणी घालून दिली. पलीकडच्या खाटेवरच्या आजी माझ्या वाटणीचा उपमा झाकून ठेवायच्या, मला भूक नसतानाही. आणि सलीमभाई. आकडा कधी न सांगणारा तो माणूस आठव्या दिवशी रिकाम्या हातानं आला. सुई नाही, ट्रे नाही. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "आज मैंने बहुत ढूंढा, बाई."

मला कळायला क्षणभर लागला. मग मी रडले. तेही चष्मा बदलायच्या निमित्तानं तिकडं वळले.

घरी

घरी आल्यावर सगळं संपतं असं वाटतं. तसं नसतं. जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. केस हातात यायचे. जरा थंडी वाटली की मी आधी घड्याळ आणि मग थर्मामीटर बघायचे. ही सवय अजून गेलेली नाही. घरच्यांना वाटतं, आता बरी झाली, आता पूर्वीसारखी का वागत नाही. जे आत्ता यातून जात असतील त्यांनी हे आधीच घरी सांगून ठेवावं.

दर आठवड्याला काच तपासायला जायचं होतं, सहा आठवडे. माय घरी येईना. मी फोन केला की विचारायची, जेवलीस का, आर्या शाळेत गेली का, आणि ठेवून द्यायची. सुनील तिचं नाव काढत नव्हता. एकदा मी त्याला म्हटलं की ती काही वाईटासाठी करत नव्हती. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, म्हणूनच बोलता येत नाही तिच्याशी. दुसऱ्या मुलाचाही विषय त्यानं परत काढलेला नाही. मीही नाही.

ग्रेसचा मधे संदेश आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की भारतात मला नवी गोळी मिळाली. तिनं विचारलं होतं, चांगली आहे का, इकडं कधी येईल. मी तो संदेश तीन-चार वेळा उघडला. शेवटी लिहिलं की काच चार दिवसांत कोरी झाली होती, पण मला सोसली की नाही ते कळलं नाही, अजून तपासताहेत. त्यावर तिनं फक्त 'ओके' लिहिलं.

शेवटच्या तपासणीच्या सकाळी सुनील लवकर उठला आणि गाडी काढून गेला. मला वाटलं, कामावर गेला. तासाभरानं आला तेव्हा मागं माय बसलेली होती, नवं लुगडं नेसून. त्यानं करमाडला जाऊन तिला काय सांगितलं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "चला, उशीर होतोय."

काच कोरी होती. लिव्हरचेही आकडे जागेवर आले होते. मॅडमनी सांगितलं की अभ्यास पुन्हा सुरू झालाय. आता लिव्हरची तपासणी दुसऱ्याच दिवशी करतात. आणि माहितीपत्रकात एक ओळ बदललीय. त्यांनी ते पान मला दाखवलं. जिथं वनौषधिजन्य पदार्थ होतं, तिथं आता लिहिलंय: काढा, गुळवेल, घरचं कोणतंही औषध. पुरुषांच्या वॉर्डातल्या त्या माणसाचं काय झालं, असं मी विचारलं. त्याला दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं होतं, पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही उठलो, पण माय बसूनच राहिली. तिनं मॅडमना विचारलं, "माझ्यामुळं झालं का हे? खरं सांगा. म्या ऐकून घेईन."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "खरंच माहीत नाही, आई. गोळीमुळं असेल, काढ्यामुळं असेल, दोन्ही एकत्र आल्यामुळं असेल. हिच्या बाबतीत ते आता कधीच कळणार नाही. पुढं इतरांच्यावरून कळलं तर कळेल."

"मग कागदावर काय लिवलं?"

"हेच लिहिलंय. की माहीत नाही. आणि दोन्ही घेतलं होतं, म्हणून."

"कोणी दिला ते लिवलं का? माझं नाव टाका. तिच्यावर नको."

मॅडम म्हणाल्या की त्यात कोणाचंच नाव नसतं. प्रज्ञाचंही नाही, फक्त एक क्रमांक असतो. मायनं यावर जरा विचार केला. मग म्हणाली, "व्हय. मग तसंच ऱ्हाऊ द्या." आणि उठायला तिनं सुनीलकडं हात केला. त्यानं तो धरला.